वळणावर दिवे विझतात

दुपारचे चार वाजले की ओडवार स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढायचा, ऑपरेशन झालेला पाय समोरच्या स्टुलावर टाकायचा आणि दुर्बीण डोळ्यांना लावायचा. दुर्बीण पक्ष्यांसाठी घेतली होती. पण आमच्या दरीत नोव्हेंबर सरता सरता सूर्य डोंगराआड जातो, तो जानेवारीच्या अखेरीलाच तोंड दाखवतो, आणि त्या काळात शहाणे पक्षी इथे राहत नाहीत. राहतात ती माणसं. त्यांतली निम्मी वेडी, काळोखात स्की बांधून डोंगर चढत-उतरत घाम गाळणारी, कारण मार्चमध्ये शर्यत असते.

ओडवार त्या वेड्यांचा मुकुटमणी. तिशीपासून साठीपर्यंत त्याने एकही शर्यत चुकवली नव्हती. दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये एक अख्खा डोंगर. शर्यत मार्चची असली तरी जिंकायची किंवा हरायची ती डिसेंबरात, असं तो नवख्यांना सांगायचा. "डोंगराचं काय घेऊन बसलात? सगळ्यात अवघड चढ सोफ्यापासून दारापर्यंतचा." हे त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं, की गावातली पोरं त्याला पाहिलं की कण्हत सोफ्यावरून उठल्याचं नाटक करत. यंदा ऑक्टोबरात गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी तो उघडून नीट केला आणि बजावलं, या हिवाळ्यात स्की फक्त भिंतीला टेकवून ठेवायच्या.

तर आता हा गृहस्थ दुर्बिणीतून काय पाहायचा? नदीपलीकडच्या उतारावर, जिथे वाटेवरचे दिव्यांचे खांब संपतात, तिथून पुढे दोन ठिपके वर चढताना दिसत. एक पिवळसर, जरा थकलेला. तो ओडवारचाच जुना दिवा, आणि तो कपाळाला बांधून निघालेली बाई म्हणजे त्याची बायको योरुन. दुसरा निळसर पांढरा, डोळ्यांत खुपणारा. तो स्टाइनारचा. ओडवारच्या पोटात दुखायचं ते या दुसऱ्या ठिपक्यामुळे.

सुरुवात एका हसण्यापासून झाली आणि हसला ओडवारच. योरुन गावातल्या वृद्धाश्रमात कामाला. इतकी वर्षं शर्यतीच्या दिवशी ती डोंगराच्या पायथ्याशी बेरींचं गरम सरबत घेऊन उभी राहायची. ओडवार न थांबता पेला हिसकावायचा, दोन घोट घ्यायचा आणि पेला बर्फात भिरकावून पुढे जायचा. पेला ती उचलायची. यंदा दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून ती म्हणाली, "या वर्षी मी भाग घेते."

"कशात?"

"शर्यतीत. तू सरबत घेऊन उभा राहा."

ओडवार हसला. टाके ओढले जाईपर्यंत हसला. "तू? अगं, तुझी शर्यत वॉफलच्या टपरीपाशी संपते."

योरुनने त्याचं पांघरूण नीट केलं, परत जाताना वाटेत क्लबात गेली आणि नाव नोंदवून आली.

नाव नोंदवणं सोपं. पण खांबांच्या पुढे काळोखात कुणी एकट्याने जायचं नाही हा आमच्याकडचा नियम, आणि मोडणाऱ्याला गाव वर्षभर तोंडावर सुनावतं. सोबती हवा होता. स्टाइनार म्हणाला, मी येतो. त्याची बायको बेरित दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून त्याला संध्याकाळी करायला काही नव्हतं. ओडवारला हे सगळं समजत होतं, आणि म्हणूनच त्याला काही बोलता येत नव्हतं.

आता स्टाइनारबद्दल त्याच्या मनात आधीपासून काय काय होतं ते सांगायला बसलं तर जेवायची वेळ टळेल. दोघं एका वर्गातले. शर्यतीत स्टाइनार कायम ओडवारच्या मागे, एवढी एक गोष्ट सोडली तर बाकी सगळं त्याचं बरं होतं. त्याचं घर नदीच्या उन्हाच्या काठावर. जानेवारीत सूर्य परततो तो आधी त्याच्या अंगणात, आणि ओडवारच्या सावलीच्या काठावर यायला त्याला आणखी एक आठवडा लागतो. त्या आठवड्यात ओडवार पुलावरून जाताना त्याच्या सोनेरी अंगणाकडे पाहायचंही टाळायचा. शिवाय पूर्वी, अगदी पूर्वी, तरुण मंडळाच्या घरात नाच असत तेव्हा योरुन आधी स्टाइनारबरोबर नाचली होती. एकच संध्याकाळ. ओडवारने ती लग्नानंतरही जपून ठेवली होती.

डिसेंबर लागला तशी योरुन बदलू लागली. पहिल्या आठवड्यात ती परत यायची ती दारातच बसकण मारायची. मग बसेनाशी झाली. गाल लाल, भूक राक्षसाची, आणि अंगात असा उत्साह की भांडी घासतानाही गुणगुणायची. एकदा तिच्या जाकिटाच्या खिशात ओडवारला संत्र्याची सालं सापडली. सालं बर्फात टाकायची नाहीत हा शिष्टाचार, त्यामुळे खिशात आणली यात काहीच वावगं नव्हतं. पण घरात संत्री नव्हती. ती सालं हातात घेऊन तो उभा राहिला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तरी त्याने ती नाकाला लावून पाहिली.

मग एके दिवशी ते घडलं. दोन्ही ठिपके नेहमीसारखे चढत होते. उतारावर अर्ध्या वाटेवर एक मोकळं वळण आहे, झाडं तोडलेली. तिथून पुढे वरच्या लाकडी खोपटापर्यंत खडा चढ. दिवे त्या वळणावर आले, थांबले आणि विझले. आधी पिवळा, मग निळा. ओडवारने दुर्बीण पुसली. काही क्षण डोंगर नुसता काळा होता. मग दोन्ही दिवे पुन्हा लागले आणि वर निघाले, आणि पिवळा तर असा निघाला की जणू कुणी मागून ढकललं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

माणूस काळोखात दिवा का विझवतो? ओडवारने सगळ्या शक्यता तपासल्या. बॅटरी वाचवायला? मग दोघांच्या एकदम कशा संपतात? हरीण आडवं आलं? रोज, त्याच जागी, वेळ ठरवून? लघवीला? तेवढ्यासाठी दुसऱ्याने दिवा कशाला विझवायचा? उरलेली शक्यता त्याच्या मनात येऊन बसली आणि हलेना.

नीट दिसावं म्हणून त्याने मग एक केलं. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला असला की काचेत बाहेरचं कमी आणि आपलंच थोबाड जास्त दिसतं. त्याने दिवा बंद केला. खिडकीत विजेच्या सात दिव्यांची लाकडी कमान होती. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी ती आमच्याकडे प्रत्येक खिडकीत लागते आणि नाताळ सरेपर्यंत कुणी ती मालवत नाही. रिकाम्या घरांतसुद्धा लोक लावून ठेवतात. ओडवारने तिचीही पिन काढली. मग मात्र डोंगर स्वच्छ दिसू लागला. योरुन पुलावर आली की तो पिन परत लावायचा, दिवा पेटवायचा आणि कॉफी टाकायचा. दारात तिची पावलं वाजायची तेव्हा घर कसं लखलखीत असायचं.

"झोपला होतास का?" एकदा तिने बूट काढता काढता विचारलं.

"हो. पडलो होतो जरा."

"रोज झोपतोस?"

"पाय दुखतो. दुसरं काय करू?"

ती आणखी काही विचारेल असं त्याला वाटलं. ती मोजे वाळत घालत राहिली. मग म्हणाली, "झोप. झोपेनेच भरून येतं."

गावाच्या दुकानात सिग्ने गल्ल्यावर असते, आणि दरीत काय चाललंय ते तिला दरीच्या आधी कळतं. ओडवार कुबडी टेकत दूध घ्यायला गेला तेव्हा तिने त्याला पकडलंच.

"काय रे, फ्यूज उडालाय का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग कमान का नाही खिडकीत? पुलावरून बघितलं तर घरात कुणी राहत नाही असं वाटतं. परवा एकजण विचारत होता, ओडवार आणि योरुन ऊन खायला दक्षिणेला गेले का म्हणून."

"बल्ब गेलाय."

"बल्ब त्या फळीवर आहेत."

"घरी आहेत."

"घरी आहेत म्हणे," सिग्ने दुधाची पिशवी सरकवत म्हणाली. "बाकी योरुन खुलली हं. आणि स्टाइनार हल्ली संत्री दोघांपुरती नेतो. आधी एकच न्यायचा बिचारा, ते बघूनसुद्धा मला कसंतरी व्हायचं."

ओडवारच्या अंगाचा तिळपापड झाला. बिचारा म्हणे. घरी जाताना तो पुलावर मुद्दाम थांबला आणि सावलीच्या काठाकडे पाहिलं. सगळ्या घरांच्या खिडक्यांत सात-सात दिवे, आणि मध्ये त्याचं घर, निघतानाच पिन काढून ठेवलेलं, दात पडल्यासारखं. क्षणभर त्याला ते बरं दिसलं नाही. पण मग चार वाजले.

मेणाचं प्रकरण त्याच सुमाराला झालं. आमच्याकडे नवरा-बायकोचं बिनसलं तर ते स्वयंपाकात दिसत नाही, स्कीच्या मेणात दिसतं. सकाळची थंडी, बर्फाचा पोत, कालचं वारं, एवढं पाहून मेण निवडायचं. चुकलं तर चढावर पाय मागे सरकतो आणि अख्खा डोंगर शिव्या देत चढावा लागतो. योरुनच्या स्कीला मेण लावायचा ओडवारच, लग्नापासून. आता तो म्हणाला, "मला तळघरात उभं राहवत नाही. गुडघा."

"बरं," योरुन म्हणाली.

दोन दिवसांनी तिच्या स्की घरी आल्या त्या मेण लावून. परक्या माणसाच्या हातचं मेण. ओडवार त्या दुखऱ्या गुडघ्याने तळघराच्या पायऱ्या उतरला आणि अंगठा फिरवून पाहिला. पावावर लोणी फासावं तसं जाड फासलं होतं. "शर्यतीत मागे का राहायचास ते आता कळलं," तो त्या स्कीला म्हणाला. पत्रा घेऊन त्याने स्टाइनारचं मेण पार खरवडून काढलं आणि स्वतःचं लावलं. पातळ थर, घासून, वर पुन्हा पातळ थर. हात त्या कामात रमले तेवढा वेळ त्याला बरं वाटलं. कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी योरुन आली आणि म्हणाली, "स्टाइनारचं मेण काय बसलंय आज. एकदाही पाय सरकला नाही."

ओडवारने घशाशी आलेलं कॉफीबरोबर गिळलं. तोंड उघडलं असतं तर रात्री तळघरात चोरासारखं काय करत होतास, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. त्यानंतर हा उद्योग रोजचाच झाला. स्टाइनार फासायचा, ओडवार खरवडायचा आणि कौतुक स्टाइनारचं व्हायचं. जगात अन्याय असतो असं लोक म्हणतात, ओडवारला तो अंगठ्याखाली लागत होता.

नाताळ आला आणि गेला. वळणावरचा काळोख मात्र लांबत चालला. आधी दिवे क्षणभर विझत, आता चांगली कॉफी उकळून होईल इतका वेळ विझलेले राहत. आणि पुन्हा लागले की पिवळा ठिपका पूर्वीसारखा उसळत नसे, रेंगाळायचा. नवं वर्ष लागल्यावर एक दिवस ते खोपटाकडे गेलेच नाहीत. वळणावर थांबले, काळोख झाला, काळोख राहिला, आणि मग दोन्ही दिवे खाली परत निघाले. आता खोपटाचं निमित्तही लागत नाही तर, ओडवार मनात म्हणाला, आणि दुर्बीण इतकी घट्ट धरली की बोटं आखडली.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "कसा चालतो मग स्टाइनार? अजून पाय फाकवूनच?"

"ठीक चालतो."

"सोबत चांगली आहे पण. गप्पाटप्पा. संत्री."

योरुनने काटा खाली ठेवला. "तुला काही म्हणायचं असेल तर म्हण, ओडवार."

"मला काय म्हणायचंय? मी आपला इथे झोपलेला असतो."

"हो," ती म्हणाली. "ते माहितेय मला."

त्यानंतर ती ढिली पडली. एक दिवस थंडी फार म्हणून गेली नाही. मग आश्रमात उशीर झाला म्हणून. मग काहीच न म्हणता विणकाम घेऊन बसली. समोरच्या उतारावर निळा ठिपका एकटाच खांबांपर्यंत आला, थोडा घुटमळला आणि नियमाप्रमाणे परत फिरला. ओडवारला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, उकळ्या फुटल्या. त्याने दिवे लावले, कॉफी केली, स्वतः लंगडत तिच्या हातात नेऊन दिली आणि शेजारी बसला. सुंठीवाचून खोकला गेला होता.

"मी नाव मागे घेते," योरुन सुईवरून मान न उचलता म्हणाली.

"का?"

"तू म्हणाला होतास ना. माझी शर्यत वॉफलच्या टपरीपाशी."

"अगं, ते मी गमतीत."

"नाही, बरोबर होतं. सोफ्यापासून दारापर्यंतचा चढ. तो नाही जमत आता. सकाळपासून स्वतःला ढकलते आणि चार वाजले की पायच उचलत नाहीत." तिने टाके मोजले, चुकले, पुन्हा मोजले. "आधी जमत होतं. कसं ते माहीत नाही."

ओडवार जिंकला होता. कॉफी चांगली झाली होती. पण तिचा आवाज त्याला ओळखीचा वाटला, आणि कुठला ते आठवेपर्यंत त्याला झोप आली नाही. ऑपरेशननंतर भिंतीकडे तोंड करून तो स्वतः असाच बोलायचा.

सूर्याच्या दिवशी स्टाइनार आला. त्या दिवशी गावात जॅम भरलेले गोड पाव खातात, परतलेल्या सूर्याच्या नावाने. अर्थात सूर्य परतला होता तो स्टाइनारच्या काठावर. हातात पावांची पिशवी आणि योरुनचा थर्मास घेऊन तो दारात उभा होता. योरुन कामावर होती.

"हा माझ्याकडे राहिला होता," तो म्हणाला.

"ठेव तिथे."

स्टाइनारने थर्मास ठेवला आणि जायचं सोडून खुर्ची ओढली. टोपी काढली. टोपीखाली तो पूर्वीपेक्षा म्हातारा होता. "ती येत नाही हल्ली."

"थकली असेल."

"थकलेली नाही. तुझ्या बायकोला मी नाताळापर्यंत चढावर गाठू शकत नव्हतो."

हे ऐकून ओडवारचा बांध फुटला. इतक्या आठवड्यांचं साठलेलं एका वाक्यात बाहेर पडलं. "वळणावर दिवे विझवून तुम्ही काय करता रे?"

 स्टाइनारने खिडकीकडे पाहिलं, खिडकीतल्या दुर्बिणीकडे पाहिलं, पिन काढलेल्या कमानीकडे पाहिलं. नाताळची कमान गावाने केव्हाच उतरवली होती. ओडवारची मात्र मालवलेलीच तिथे पडून होती.

"तू जागा असायचास," स्टाइनार हळू म्हणाला.

"मी विचारलं ते सांग."

"घर बघायची ती. तुझं घर. तिथून नदीपलीकडे सरळ हीच खिडकी दिसते. पण कपाळावर दिवा असला की नाकापुढचा बर्फ सोडून काही दिसत नाही, म्हणून ती मला म्हणायची, विझव रे तुझा पण, बघू दे ओडवारने दिवा लावलाय का. आणि लागलेला असायचा. मग म्हणायची, बसलाय बघ, कॉफी टाकली असेल. चल वर. आणि अशी सुटायची की मी मागे धापा टाकत."

ओडवारने स्टुलावरचा पाय खाली घेतला.

"मग एक दिवस काळोख. ती म्हणाली फ्यूज गेला असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, झोपलाय. मग काही म्हणायचीच नाही, नुसती उभी राहायची. लागेल आता, लागेल आता, अशी. मी म्हटलं, अगं, त्याला सांग ना लावून ठेवायला. तर म्हणे, सांगून लावलेला दिवा काय कामाचा?" स्टाइनारने टोपी गुडघ्यावर फिरवली. "पाय गारठून बधिर व्हायचे माझे. आणि वर दुसऱ्याच्या खिडकीकडे बघत उभं राहायचं. मला माझी खिडकीपण तिथून दिसते, ओडवार. ती मी निघताना मीच लावून जातो. तुझा हेवा वाटायचा रे. लागलेली असायची तेव्हाही, आणि तू विझवलीस तेव्हा तर जास्तच. असा माज करायला घरात माणूस लागतं."

त्याने उठून पावांची पिशवी टेबलावर ठेवली. दारापाशी थांबला. "आणि मेण कुणाचं होतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं तुझ्या मागून चढलोय. माझं मेण असं धरत नाही. तिला नाही सांगितलं, म्हटलं एक तरी कौतुक माझ्या वाट्याला येऊ दे."

तो गेल्यावर ओडवारने थर्मास ओट्यावर नेऊन ठेवला. मनात आलं ते चांगलं नव्हतं. आधी वाटलं, खोटं बोलत असेल. मग वाटलं, खरं बोलत असेल तर आणखी वाईट, कारण मग हा माणूस माझ्या बायकोच्या शेजारी उभा राहून तिचं ते वाट पाहणं रोज बघत होता, आणि मी दुर्बीण लावूनही ते पाहिलं नाही. याचासुद्धा त्याला हेवा वाटला. माणसाचा मत्सर असा एका पावाने जात नाही.

योरुन घरी आली तेव्हा तिच्या स्की दाराबाहेर बर्फात उभ्या होत्या. मेण लावून.

"हे काय?"

"मी झोपत नव्हतो," ओडवार म्हणाला. खुर्चीत बसूनच म्हणाला, कारण उभं राहून म्हणवेना. "दिवे विझवून बसायचो. तुम्हाला बघायला. दिवा असला की बाहेरचं दिसत नाही. तुम्ही वळणावर काळोख करायचात आणि मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"तुला कळलंय काय वाटायचं."

योरुनने खिडकीकडे पाहिलं. "दुर्बीण लावून?"

"हो."

"डिसेंबरपासून?"

"हो."

तिच्या चेहऱ्यावरून आधी राग गेला, मग काहीतरी दुसरं गेलं, मग पुन्हा राग आला आणि तो राहिला. "मी साठीला आले, ओडवार. उणे वीसमध्ये. नाकातून पाणी गळत असायचं माझ्या."

"मला कुठे ठाऊक? एवढं नाही दिसत दुर्बिणीतून."

ती हसली नाही. जाकीट उतरवायला गेलेला हात तिने मागे घेतला आणि चेन पुन्हा गळ्यापर्यंत ओढली. पिवळा दिवा खुंटीवरून काढून कपाळाला बांधला. फोन करून स्टाइनारला दोन शब्द सांगितले.

"त्याला सांग," ओडवार मागून म्हणाला, "मेणाला हात लावायचा नाही. मेण मी लावणार."

"तूच सांग," ती म्हणाली आणि दार लोटून गेली.

ओडवारने कमानीची पिन लावली. जानेवारी सरत आलेला, उद्या सिग्ने अख्ख्या गावाला ऐकवणार, की ओडवारचा नाताळ आता कुठे सुरू झालाय. त्याने स्वयंपाकघरातला दिवाही लावला, ओट्यावरचाही लावला. कॉफी टाकली आणि खिडकीशी येऊन बसला.

बाहेर काही दिसेना. काचेत सात दिवे आणि त्यांच्यामागे त्याचं स्वतःचं तोंड, म्हातारं, ओठ आवळलेलं. काचेला हात लावून आडोसा करून पाहिला तरी डोंगर दिसला नाही. आता खांब संपले असतील. आता वळण आलं असेल. दिवे विझले का, किती वेळ विझले, पिवळा आधी की निळा, काही कळायला मार्ग नव्हता. एक पिन ओढली की सगळं दिसलं असतं. त्याचा हात पिनेपर्यंत गेला आणि तिथे थोडा वेळ राहिला.

पोटात दुखायचं ते दुखतच होतं. त्याने हात मागे घेतला, आणि वळणावरून आपण नीट दिसावं म्हणून खुर्ची आणखी थोडी खिडकीजवळ ओढली.